हाफकिन नावाचा माणूस
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



समितीनं मला पंधरा मिनिटं दिली आणि बजावलं, "विषय तुझ्या आवडीचा घे, पण कॉम्प्युटर नको. तिथे आमची मुलंच रोज आमची शाळा घेतात." म्हणून मी आज एका जंतुशास्त्रज्ञाबद्दल बोलणार आहे. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, जीवशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटला. समोर बसलेल्या डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्यावं.

'हाफकिन' हे नाव आपल्याला नवीन नाही. मुलुंडहून केईएमला किंवा टाटा हॉस्पिटलला जाताना परळला उतरून आचार्य दोंदे मार्गानं गेलेल्या प्रत्येकानं ती पाटी पाहिली आहे. सर्पदंशावरचं औषध हाफकिनचं, पोलिओचे थेंब हाफकिनचे, हेही आपण ऐकलेलं आहे. मी ओळखीच्या दहाबारा जणांना विचारलं, हाफकिन म्हणजे काय? कुणी म्हणालं कंपनी, कुणी म्हणालं एखादा इंग्रज गव्हर्नर असेल. माणूस म्हणून त्यांना ओळखणारा एकच निघाला, आणि तो त्या संस्थेत शिकलेला होता. पाटी सगळ्यांना पाठ, पण पाटीवरचा माणूस विसरलेला.

वाल्डेमार हाफकिन इंग्रज नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. १८६० मध्ये रशियन साम्राज्यात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. इल्या मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. तिथे ज्यूंवर हल्ले होत तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यात ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली. विद्यापीठात पुढे जायचं तर धर्म बदलावा लागेल असं सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि देश सोडला.

पॅरिसला पाश्चर संस्थेत त्यांना काम मिळालं ते ग्रंथालयात, सहायक म्हणून. पुस्तकं लावायची, आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं. या ग्रंथपालानं पटकीवरची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पटकी म्हणजे कॉलरा. त्यावेळी हिंदुस्थानात दरवर्षी माणसं तिनं मरत, म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. तिथल्या वस्त्यांत आणि आसामच्या चहामळ्यांत दोनअडीच वर्षं फिरून त्यांनी ४० हजारांवर लोकांना लस टोचली.

आता आपल्या मुंबईकडे येऊ.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढचं आपण इतिहासात शिकलो आहोत. घरं तपासणं, माणसांना जबरदस्तीनं हलवणं, सामान जाळणं. ऑक्टोबरात चिडलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. लाखो लोक मुंबई सोडून निघून गेले. बरेचसे आपल्याच रेल्वेमार्गानं, मुलुंडवरून पुढे. वांद्र्याच्या गावठाणांत त्या काळात नवसाचे क्रूस उभे राहिले, ते आजही आहेत. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. २०२० मध्ये आपल्याला घरात बसवताना सरकारनं ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो कायदाही १८९७ चा, याच साथीतला.

या धामधुमीत ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारनं हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली ती एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडून तेव्हा अवघी दोन वर्षं झाली होती. त्यावर लस नव्हती आणि ती कशी करावी याचा नमुनाही नव्हता.

त्यांनी ती कशी केली हे सांगायला मला फार आवडतं, कारण त्यात आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तू आहे. लस बनवण्यासाठी जंतू भरपूर वाढवावे लागतात, आणि त्यासाठी मांसाचा रस लागतो. हाफकिन यांनी गाय किंवा डुक्कर टाळून बोकडाचं मांस वापरलं, म्हणजे लस घेताना ना हिंदूंची हरकत, ना मुसलमानांची. रसाच्या पृष्ठभागावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या थेंबांना धरून खाली लोंबू लागले, गुहेच्या छतावरून चुन्याच्या कांड्या लोंबतात तसे. बाटली हलवली की कांड्या तुटून तळाशी बसत आणि वर नव्या धरत. असं काही आठवडे चालायचं. मग तो रस सुमारे ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक घालायचं, की लस तयार.

तीन महिन्यांच्या आत हे सगळं उभं राहिलं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा होती १० घन सेंटिमीटर, पुढे लोकांसाठी ठरलेल्या मात्रेच्या तिप्पटचौपट. ताप आला, अंग ठणकलं, ते बरे झाले.

इथपर्यंत ही शौर्यकथा आहे. पण मला हाफकिन मोठे वाटतात ते यापुढच्या कामासाठी. स्वतःला टोचून घेतल्यानं लस घातक नाही एवढंच कळतं. ती उपयोगाची आहे हे त्यातून कळत नाही. ते कळायला तुलना लागते.

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. जागा तीच, जेवण तेच, पाणी तेच. लस टोचली त्याच दिवशी जे आजारी पडले, त्यांच्या अंगात रोग आधीच होता, म्हणून त्यांची नोंद हाफकिन यांनी वेगळी ठेवली. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, दोघेही वाचले. तुरुंगातल्या माणसाची 'स्वेच्छा' कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्न आज आपण विचारू आणि तो विचारायलाच हवा. पण निष्कर्षापुरतं बोलायचं तर दोन गट शेजारीशेजारी ठेवून मोजण्याची ती पद्धत आजच्या लसचाचण्यांचा पाया आहे.

त्याहून सुंदर प्रयोग पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात झाला. तिथे त्यांनी घराघरात जाऊन प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. छप्पर एक, चूल एक, फरक फक्त लशीचा. नंतर ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तिथला हिशोब असा. लस घेतलेले ७१, त्यांपैकी ८ आजारी, ३ मृत्यू. न घेतलेले ६४, त्यांपैकी २७ आजारी, २६ मृत्यू. हे आकडे वाचायला एक मिनिट लागतं, पण त्या २६ मधला प्रत्येक जण कुणाच्या तरी घरातला होता. शेजारच्या अंथरुणावरचा भाऊ वाचला आणि हा गेला.

लोकांचा विश्वास हळूहळू बसला. तरुण आगाखानांनी सगळ्यांदेखत लस टोचून घेतली, प्रयोगशाळेला माझगावची आपली वास्तू दिली आणि हजारो खोजा कुटुंबं पुढे आली. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. हा गव्हर्नरांचा बंगला रिकामा का होता, तर १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे पटकीनं वारल्या आणि नंतर गव्हर्नर मलबार हिलला राहायला गेले. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे. ज्या घरात पटकीनं बळी घेतला, त्या घरात पटकीची लस शोधणारा माणूस कामाला बसला.

आणि मग मुल्कोवाल.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं एक खेडं, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे १०७ जणांना परळहून आलेली लस टोचण्यात आली. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणं दिसू लागली आणि ते सगळे, एकूण एक, मरण पावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून लस दिलेली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही. मुल्कोवालच्या त्या गावकऱ्यांचा आकडा प्रत्येक पुस्तकात येतो, नावं येत नाहीत. पुढची सगळी गोष्ट एका शास्त्रज्ञावरच्या अन्यायाची आहे, म्हणून ते एकोणीस जण आधी लक्षात ठेवूया.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स. आयोगानं ठरवलं की बाटली परळलाच दूषित झाली होती. हाफकिन यांनी त्या सुमारास पद्धत थोडी बदलली होती. मागणी प्रचंड होती, म्हणून कार्बोलिक वगळून नुसत्या उष्णतेनं निर्जंतुक करण्याची पॅरिसची पद्धत त्यांनी घेतली होती. ते बोट दाखवायला पुरेसं ठरलं. त्यांना पदावरून दूर करण्यात आलं आणि ते इंग्लंडला गेले.

आपल्या शाळेतली प्रयोगवही सगळ्यांना आठवत असेल. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. क्रम चुकला की विज्ञानाच्या बाई पान परत लिहायला लावायच्या. निरीक्षणाच्या आधी अनुमान लिहून ठेवणाऱ्याला तर वर्गात उभं करायच्या. आयोगाचं झालं ते नेमकं असं. त्यांनी अनुमान आधी लिहिलं.

कारण निरीक्षणं समोरच होती. पहिलं, ती बाटली भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू तितके दिवस आत वाढत असते तर बूच काढताच असह्य दुर्गंधी आली असती. तशी ती आल्याची नोंद नाही. दुसरं, बाटलीत आधीपासून जंतू वाढलेले असते तर त्यांचं विषही आत तयार झालेलं असतं आणि माणसं चटकन आजारी पडली असती. इथे लक्षणं दिसायला काही दिवस लागले, म्हणजे जंतू नुकतेच शिरले असावेत. तिसरं, बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. सहायकानं तो उचलून कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि तसाच वापरला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि असल्या बुचकळण्यानं ते मरत नाहीत. हे आयोगासमोर साक्षीत आलेलं होतं.

आमच्या धंद्यात रात्री-अपरात्री एखादी यंत्रणा बंद पडते आणि सकाळी बैठक बसते. त्या बैठकीत पहिला प्रश्न काय विचारला जातो यावरून तो गट किती पक्का आहे ते कळतं. 'कुणी केलं?' असं विचारलं की एक नाव मिळतं आणि बैठक संपते. 'काय काय झालं, कुठल्या क्रमानं झालं?' असं विचारलं तर वेळ लागतो, पण पुन्हा तेच होण्याची शक्यता कमी होते. मुल्कोवालनंतर एक नाव मिळालं. परदेशी, ज्यू, डॉक्टरकीची पदवी नसलेला, रशियातून आलेला माणूस. ते नाव सोयीचं होतं. आणि चिमटा पडला म्हणून त्या सहायकाच्या डोक्यावर सगळं फोडलं असतं, तरी मला ते तितकंच अपुरं वाटलं असतं. खेड्यातल्या धुळीत, दिवसभर, शेकडो लोकांना टोचायचं असताना, एक चिमटा खाली पडला तर काय करायचं याची सोय कुणी केली होती? दुसरा चिमटा होता का? खरा प्रश्न तो आहे.

आयोगाचा अहवाल १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा कुठे जगातल्या शास्त्रज्ञांना पुरावा तपासायला मिळाला. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी हा विषय हाती घेतला. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं. आरोप पुराव्यानं सिद्ध होत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. दुर्घटनेला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

दोषमुक्त झाले, पण परळची जागा परत मिळाली नाही. कलकत्त्याला नेमणूक झाली, तीही लस बनवण्याच्या मुभेशिवाय. ज्या माणसाला घराघरात जाऊन मोजायचं होतं, त्याला टेबलावर बसवलं. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला वारले. लग्न केलं नव्हतं. मिळवलेला पैसा पूर्व युरोपातल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला ठेवला.

मुंबईनं एक गोष्ट मात्र त्यांच्या हयातीतच केली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं. तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. म्हणजे ज्या जागेवर त्यांच्यामुळे डाग लागला असं म्हटलं गेलं, त्याच जागेनं त्यांचं नाव घेतलं. नंतर १९६४ मध्ये टपाल खात्यानं त्यांचं तिकीटही काढलं. एवढं होऊनही आपण त्यांना विसरलो. मला वाटतं, नाव इतकं रोजच्या वापरातलं झालं की त्यामागे माणूस असेल असं कुणाच्या मनातच येईना.

करोनाच्या दोन वर्षांत आपल्या बॅचच्या ग्रुपवर लशीबद्दल काय काय फिरत होतं ते आठवा. कुणी डोळे झाकून विश्वास ठेवत होतं, कुणी डोळे झाकून संशय घेत होतं. दोन्ही बाजूंनी अनुमान आधी तयार होतं. 'न घेतलेले किती, घेतलेले किती, दोघांत फरक किती?' हा उंढेऱ्याचा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. तो विचारायला इंजिनिअर किंवा डॉक्टर असावं लागत नाही. तो आपल्याला आठवीत शिकवला होता, निळ्या शाईनं, समास सोडून.

म्हणून शेवटी एक सूचना मांडते. आपल्या बॅचनं शाळेला देणगी द्यायचं ठरवलं आहे. त्यातून विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी एक बक्षीस ठेवावं आणि त्याला हाफकिन यांचं नाव द्यावं. बक्षीस सगळ्यात देखण्या प्रतिकृतीला द्यायचं नाही, आणि ज्याचा प्रयोग यशस्वी झाला त्यालाच द्यायचं असंही नाही. ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या प्रयोगवहीत निरीक्षण जसं दिसलं तसं लिहिलेलं आहे, फसलेलं असलं तरी खोडलेलं नाही, त्याला ते द्यावं. परीक्षक म्हणून आपल्या बाईंनी यावं अशी माझी विनंती आहे. क्रम चुकला तर पान परत लिहायला लावण्याचा अधिकार अजूनही त्यांचाच आहे.